बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: निवृत्त विमानं पोटाखालून कशी पाहावीत

बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालेले पर्यटक वाटेतल्या नौदल विमान संग्रहालयात फार तर अर्धा तास काढतात. तेवढ्यात एखाद्या विमानासमोर कुटुंबाचा फोटो होतो, मुलं चाकाला हात लावून येतात, बाबा पाटीवरची पहिली ओळ वाचतात आणि सगळे समुद्राकडे वळतात. पाटी राहू दे, पण जरा वाकून विमानाच्या पोटाखाली पाहिलं असतं तर त्यांना जास्त कळलं असतं.

नौदलाचं विमान आकाशासाठी असतं तितकंच जहाजाच्या मापानं बेतलेलं असतं. डेक आखूड, विमानं वर-खाली नेणारी लिफ्ट अरुंद, हँगर बुटका आणि चहूकडे खारं पाणी. या प्रत्येक अडचणीचं उत्तर विमानाच्या अंगावर कुठे ना कुठे दिसतं: शेपटाखालचा आकडा (हुक), पंखातली बिजागरी, गरजेपेक्षा दणकट वाटणारे पाय. हे शोधत फिरलात तर अडीच-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच जा.

कधी आणि कसं जायचं

संग्रहालय १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. ते वास्कोपासून सहा-सात किलोमीटरवर, दाबोळी विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला आहे. पुण्या-सातारा-सांगलीकडच्या मंडळींना गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला सोडते. मुंबईहून कोकण रेल्वेनं आलात तर मडगावला उतरा आणि तिथून बस किंवा टॅक्सी करा. विमानानं येणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचावं. दाबोळीला उतरलात तर संग्रहालय जवळच आहे, पण मोपाला उतरलात तर आख्खा उत्तर गोवा ओलांडून यावं लागतं. निघायच्या दिवशी दाबोळीहून दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तर सकाळ इथे घालवणं सगळ्यात सोयीचं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. बाकीच्या दिवशी ते सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं. तिकीट माफक आहे, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं पडू शकतं. सुट्टे पैसे जवळ असू द्या. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा खात्री करून घ्या.

विमानं उघड्यावर उभी आहेत, त्यामुळे ऋतूचा विचार आधी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर उघडायच्या वेळेला पोचा, अकरापर्यंत बाहेरची विमानं उरका आणि ऊन चढलं की आतल्या दालनांत शिरा. पावसाळ्यात उलटं करावं लागतं: सर थांबली की बाहेर, आली की आत. एक मात्र आहे, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी विमानात कुठून शिरतं आणि कुठून गळतं ते डोळ्यांदेखत दिसतं, आणि जतनाच्या कामात रस असणाऱ्याला ते फार शिकवून जातं.

सोबत पाणी, टोपी आणि एक छोटी टॉर्च घ्या. फोनचा दिवा चालतो, पण चाकांच्या कप्प्यात डोकावताना हातात मावणारी टॉर्च बरी पडते. आणि वाकता येईल असे कपडे घाला.

सुरुवात पाण्यावर उतरणाऱ्या विमानापासून

बहुतेकांचे पाय मोठ्या विमानाकडे ओढले जातात. तुम्ही आधी शॉर्ट सीलँड शोधा. दोन इंजिनांचं हे विमान आहे. पोट बोटीच्या तळासारखं, पंखांखाली दोन तरंगे. चाकं वर घेतली की पाण्यावर आणि खाली सोडली की धावपट्टीवर, असं दोन्हीकडे उतरणारं. १९५३ साली कोचीला भारतीय नौदलाची विमानशाखा उभी राहिली ती या सीलँडवर. त्याच वर्षी ११ मे रोजी आयएनएस गरुडा हा हवाई तळ सुरू झाला. सीलँड मुळातच थोडी बनली आणि आज जगात त्यातली मोजकीच उरली आहेत. दुर्मीळतेच्या हिशेबानं या आवारातलं हे सगळ्यात मोलाचं विमान असावं. त्याच्यासमोर गर्दी मात्र कधीच नसते.

पोटाच्या बाजूला उभं राहून तळाची रेषा पाहा. मध्ये एक पायरी आहे. विमान पाण्यावरून वेग घेतं तेव्हा पाणी तळाला चिकटून ओढत राहतं. या पायरीपाशी ते सुटतं आणि मगच विमान वर उचललं जातं. ही पायरी नसती तर इंजिनं कितीही गरजली तरी विमान पाण्यातच राहिलं असतं.

त्यानंतर फेअरी फायरफ्लाय. नाकात बारा सिलिंडरचं रोल्स-रॉइस ग्रिफन इंजिन. दुसऱ्या महायुद्धातलं हे लढाऊ विमान आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्यात आलं ते लढायला नाही. मागे लांब तारेला कापडी निशाण बांधून उडायचं आणि जहाजांवरच्या तोफचींनी त्या निशाणावर नेम धरायचा, असं त्याचं काम होतं. नेम चुकला तर काय, हा प्रश्न त्या वैमानिकांच्या घरच्यांना पडतच असणार. इथे पंखाचं मूळ पाहा. फायरफ्लायचे पंख वर दुमडत नाहीत, ते फिरून मागे अंगालगत जातात. सांध्याची रेघ रंगाखालूनही दिसते.

लाकडी जेट आणि घाटग्यांचं विमान

एचटी-२ हे दोन आसनांचं शिकाऊ विमान दिसायला अगदी साधं आहे, म्हणून लोक त्याच्यापाशी थांबत नाहीत. मराठी माणसानं तरी थांबावं. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्याचा आराखडा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली झाला. घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे त्यांनी वायुगतिकीचं संशोधन केलं होतं. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचं आधुनिक गणित ज्यांनी घातलं, तेच हे प्रांट्ल. १९५१ मध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडालं आणि पुढे हवाई दलाच्या व नौदलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. त्याच्या पंखाखाली वाका आणि पत्रे जोडणाऱ्या रिवेटच्या रांगा पाहा. इतक्या सरळ रांगा तेव्हा माणसं हातानं मारत होती.

शेजारचं व्हँपायर ओळखायला सोपं आहे: मध्ये बुटकं शरीर आणि मागे दोन दांड्यांवर शेपूट. हा आकार हौसेखातर आलेला नाही. सुरुवातीच्या जेट इंजिनांत जोर कमी होता आणि धुराडं जितकं लांब तितका तो वाया जायचा. म्हणून धुराडं आखूड ठेवलं आणि शेपूट दोन दांड्यांवर मागे नेलं. आता वैमानिकाच्या खोलीचा भाग जरा निरखा. तो धातूचा नाही. बाल्साच्या हलक्या लाकडावर दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवून तो घडवला आहे. नौदलाच्या वैमानिकांची जेटशी ओळख याच विमानानं झाली. गोव्याच्या दमट हवेत लाकडी सांगाडा टिकवणं हे धातूचं विमान टिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. पत्रा गंजताना रंगावर फोड येतात. लाकूड मात्र आतून कुजत जातं आणि वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो.

सी हॉक आणि अलिझे: इथे निवांत थांबा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण ही दोन पाहा. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडालेले हे दोन प्रकार. मुंबईकरांनी विक्रांत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून पाहिली आणि नंतर ती भंगारात गेलेलीही पाहिली. जहाज गेलं, त्यावरून उडणारे प्रकार इथे उभे आहेत.

आधी सी हॉकच्या मागे जा. जेटचं धुराडं शेपटात असायला हवं, तिथे काहीच नाही. पंख जिथे अंगाला मिळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक तोंड दिसेल. इंजिन एकच, पण त्याचा झोत आत दुभंगून दोन्हीकडून बाहेर पडतो. त्यामुळे शेपटाकडची जागा मोकळी राहिली आणि तिथे इंधनाची टाकी बसवता आली. समुद्रावर इंधन संपलं तर उतरायला जागा नसते, म्हणून ही खटपट.

आता खाली वाका. शेपटाखाली एक लांब दांडा आणि टोकाला आकडा आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक या आकड्यात अडकली की विमान काही क्षणांत थांबतं. आकडा अडकला नाही तर डेक संपायच्या आत पुन्हा उडायचं, म्हणून वैमानिक टेकताना इंजिन बंद न करता जोर वाढवतो. चाकांचे दांडे पाहा आणि विमानतळावरच्या त्याच आकाराच्या विमानाशी मनातल्या मनात ताडून बघा. जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक वर घेऊन अलगद टेकतो. डेकवर तेवढी सवड नसते. विमान जवळजवळ आदळतंच आणि तो सगळा हिसका हे पाय पेलतात.

पंखाची बिजागरी शोधणं हा मुलांसाठी चांगला खेळ आहे. पंखाच्या वरच्या बाजूला एक आडवी फट दिसते. दोन्ही पंखांच्या बिजागऱ्यांमधलं अंतर लक्षात घेतलं की विक्रांतची लिफ्ट केवढी असेल याचा अंदाज येतो.

अलिझे फ्रेंच. नाकात पंखा, आत रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट आणि अॅव्ह्रोमध्येही डार्टच असे. त्या विमानांतून फिरलेल्या आजोबांना इथे आणा, ती शीळ त्यांना अजून आठवत असेल. अलिझेचं काम पाणबुड्या हुडकण्याचं होतं. पोटाखाली मागच्या बाजूला रडारचा घुमट आहे, तो हवेत खाली सोडायचा आणि उतरताना आत ओढून घ्यायचा. पंखावरचे दोन फुगीर डबे लोक इंजिनं समजतात. त्यात चाकं शिरतात आणि पुढच्या भागात पाण्यात टाकायचे ध्वनिशोधक असत. आत तिघं बसत.

१९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित झाला होता. विमान डेकवरून उडवताना वाफेचा कॅटापल्ट त्याला ढकलतो, पण समोरून वारा मिळावा म्हणून जहाजानंही पळावं लागतं. वारा पडलेला आणि जहाज मंद असलं की जड अलिझे उडवणं जिकिरीचं होई. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली आणि मग चितगाववर. हे लक्षात ठेवून विमानाचा आकार पुन्हा पाहा. किती लहान आहे ते!

आकडा नसलेलं विमान

आता सी हॅरियरच्या पोटाखाली आकडा शोधा. सापडणार नाही. दोन्ही कुशींना दोन-दोन अशी चार तोंडं दिसतील. ती फिरतात. मागे वळवली की विमान पुढे जातं, खाली वळवली की हवेत एका जागी तरंगतं. बाकीची विमानं आधी टेकतात आणि मग थांबतात, हे आधी थांबतं आणि मग टेकतं. तार नको, आकडा नको.

पण तरंगत असताना पंखांवरून वारा वाहत नाही, मग तोल सांभाळायचा कसा? त्यासाठी नाकाजवळ, शेपटाच्या टोकाला आणि पंखांच्या टोकांना बारीक झरोके आहेत. इंजिनातली दाबाखालची हवा त्यांतून सोडून वैमानिक विमान सावरतो. हे झरोके लोकांच्या नजरेतून हमखास सुटतात. चाकांची मांडणीही वेगळी आहे: मुख्य चाकं पोटाच्या मधोमध एकामागे एक, आणि तोल जाऊ नये म्हणून पंखांच्या टोकांकडे दोन बारीक पाय. पंख आखूड असल्यानं दुमडायची गरज पडली नाही. नाक मात्र एका बाजूला दुमडतं.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली सी हॅरियर विमानं दाबोळीला उतरली आणि ११ मे २०१६ रोजी इथेच त्यांना निरोप दिला गेला. मधल्या वर्षांत बरीच विमानं आणि काही वैमानिक अपघातांत गेले. पाट्यांवर याबद्दल फारसं नसतं.

हेलिकॉप्टरांकडे थोडक्यात पाहिलं तरी चालेल. सी किंगची पाती आणि शेपूट दोन्ही दुमडतात. कामोव्ह-२५ वर एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून त्याला मागच्या पंख्याची गरज नाही आणि लांब शेपटाचीही नाही. विनाशिकेच्या हँगरमध्ये ते बसलं ते यामुळे. चेतक तुम्ही कुठे ना कुठे उडताना पाहिलं असेल, आजही दिसतं.

शेवटी राणी

सुपर कॉन्स्टेलेशन शेवटी ठेवा. आवारातलं सगळ्यात मोठं आणि माझ्या मते सगळ्यात देखणं विमान. शरीराला माशासारखा बाक, लांब सडपातळ पाय आणि तीन शेपटं. एकच उंच शेपूट ठेवलं असतं तर त्या काळच्या हँगरांच्या दारातून विमान आत गेलं नसतं, म्हणून तीन बुटकी शेपटं. म्हणजे जहाजाशी संबंध नसलेल्या विमानालाही दारानं आकार दिलाच.

हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं. जेट आल्यावर या प्रकारची विमानं हवाई दलाकडे गेली, समुद्रावर टेहळणी करू लागली आणि १९७६ मध्ये ती जबाबदारी नौदलाकडे आली. चार इंजिनं, प्रत्येकाला अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एकशे चव्वेचाळीस प्लग! तंत्रज्ञांची रात्र कशी जात असेल ते समजून घ्या.

दाबोळीचा एक वेगळा संदर्भही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरी त्या रात्री घाईनं डागडुजी केलेल्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांचं एक सुपर कॉन्स्टेलेशन अंधारात उडून कराचीला निसटलं. त्याच जातीचं विमान त्याच धावपट्टीजवळ, भारतीय नौदलाच्या रंगात, आज उभं आहे. शिडी लावलेली असेल आणि आत सोडत असतील तर ती संधी दवडू नका.

रंगाखाली काय आहे ते कसं ओळखायचं

उडण्याजोगं केलेलं जुनं विमान आणि उभं करून ठेवलेलं जुनं विमान यांची गल्लत करू नका. इथली विमानं दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा, की ती खरी राहावीत आणि टिकावीत. ती किती टिकली आहेत हे तुम्हालाही तपासता येतं.

रिवेटभोवती रंगाला फोड आले आहेत का पाहा. फोडाखाली पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. खाऱ्या दमट हवेत अॅल्युमिनियमला पोलादाचा स्क्रू लागला की हे आणखी वेगानं होतं, म्हणून सांधे आणि बिजागऱ्या आधी तपासायच्या. पत्र्यांमधल्या बारीक फटी स्पष्ट दिसत असतील तर रंगकाम जपून झालंय. त्या रंगानं बुजल्या असतील तर थरावर थर चढले आहेत. कॉकपिटची काच दुधाळ झाली असेल किंवा तिच्यात जाळीसारखे तडे असतील तर ती उन्हाची करामत. इंजिनाच्या तोंडांवर झाकणं असली तर तक्रार करू नका, ती नसती तर आत पक्ष्यांनी संसार थाटला असता. टायर खाली बसू नयेत म्हणून विमान टेकूंवर उचललेलं असेल तर ते काळजीचं लक्षण समजा.

अंगावरचा 'आयएन' आणि पुढचा क्रमांक टिपून ठेवा. रंग बदलतात, पाट्या बदलतात, पण विमानाचा इतिहास शोधायचा तर हा क्रमांकच कामी येतो.

आतली दालनं, फोटो आणि मुलं

आत इंजिनं, शस्त्रं, वैमानिकांची सामग्री आणि विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती आहेत. बाहेरची विमानं पाहून झाल्यावर आत गेलात तर जास्त मजा येते: कापून दाखवलेलं इंजिन दिसलं की ते मघाच्या कुठल्या विमानात बसेल हे स्वतःशीच ओळखायचा प्रयत्न करा. जहाजाच्या प्रतिकृतीसमोर उभं राहून डेकवरची चिमुकली विमानं पाहा, मघाच्या बिजागरीचा अर्थ नीट लागतो.

फोटोसाठी सकाळचं तिरपं ऊन चांगलं. मोबाइल नाकाजवळ नेऊन काढलेला फोटो विमान बेढब करतो. थोडं मागे जा, गुडघ्यावर बसा आणि एक फोटो चाकांच्या उंचीवरून घ्या. तपशिलांचे फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाआधी पाटीचा एक घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कुठली बिजागरी कुणाची ते कळत नाही. शेजारी नौदलाचा चालू तळ आणि धावपट्टी आहे. तिकडे कॅमेरा वळवू नका, ड्रोनचा विचारही नको. पहारेकऱ्यानं हटकलं तर हुज्जत घालू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी जपा. दुपारी पत्रा चटका बसेल इतका तापतो. आणि पंखाच्या कडा, अँटेना, वेग मोजायच्या पुढे आलेल्या नळ्या मुलांच्या कपाळाच्या उंचीवर असतात. पंखावर चढू देऊ नका. मूल पडेल ही एक भीती, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पातळ पत्रा दबेल ही दुसरी.

इथून पुढे कुठे

गोडी लागली तर दिल्लीचं पालम इथलं हवाई दलाचं संग्रहालय पुढचं ठिकाण. उडणारी जुनी विमानं पाहायची असतील तर हवाई दलाचं व्हिंटेज पथक गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर आहे. टायगर मॉथ, हार्वर्ड आणि 'परशुराम' नावाचं डकोटा ही त्यातली विमानं. तिथे एरवी आत जाता येत नाही. ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या सुमारास बातम्यांवर लक्ष ठेवा. आणि विशाखापट्टणमला गेलात तर किनाऱ्यावरच्या टीयू-१४२ विमानाच्या पोटातून आरपार चालत जाता येतं. सुपर कॉन्स्टेलेशन निवृत्त झाल्यावर समुद्रावरच्या लांब टेहळणीसाठी नौदलानं १९८८ मध्ये आणलं ते हेच, आणि ते आधी दाबोळीलाच उतरलं होतं.